पोटरी सुजली तर आधी चोळू नका

पाय सुजला की चोळून द्यायला घरातले सगळे पुढे होतात. पण सूज एकाच पोटरीला असेल, तर कारण कळेपर्यंत तिला हात लावू नये. आतल्या मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी झालेली असेल, तर चोळल्याने ती सुटून फुफ्फुसात जाऊन अडकू शकते.

सूज नेमकी कुठून सुरू झाली, पोटरीत की वर गुडघ्यात, हे आधी पाहा. निरोगी गुडघ्यात वंगणाचा द्रव चहाच्या चमचाभरही नसतो. त्यामुळे थोडे पाणी वाढले तरी वाटीच्या वरचा भाग फुगतो आणि गुडघा पूर्ण वाकत नाही. मार लागल्यावर दोन-तीन तासांतच गुडघा टम्म फुगला, तर आत बहुधा रक्त साठलेले असते: लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडणारा पट्टा, तुटलेले किंवा हाडाला चीर गेलेली. तीच सूज दुसऱ्या दिवशी हळूहळू आली, तर संशय गादीवर, म्हणजे मेनिस्कसवर जातो. मार नसताना गुडघा लाल, गरम झाला, हलवणेही असह्य झाले आणि सोबत ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. सांध्यात जंतुसंसर्ग असेल, तर कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण, काही दिवसांतच खराब होते.

गुडघ्याचा आजार पोटरीत उतरतो तो लवणीतून, म्हणजे गुडघ्यामागच्या खळग्यातून. 1877 साली विल्यम मोरंट बेकर या ब्रिटिश शल्यचिकित्सकांनी वर्णन केलेली गाठ, बेकर्स सिस्ट, इथेच होते. झिजलेल्या किंवा संधिवात झालेल्या गुडघ्यात द्रव वाढतो. तो मागच्या पिशवीत शिरतो, पण वाट एकमार्गी झडपेसारखी असल्याने सहज परतत नाही. पाय सरळ केला की गाठ घट्ट लागते, वाकवला की मऊ पडते. ती फुटली तर द्रव पोटरीच्या स्नायूंमध्ये पसरतो आणि पोटरी एकाएकी दुखून सुजते. काहींना नंतर घोट्याच्या आतल्या बाजूला, हाडाखाली, चंद्रकोरीच्या आकाराचा काळानिळा डाग दिसतो.

अडचण अशी, की शिरेतली गुठळीही अगदी अशीच दिसते. नुकतेच ऑपरेशन, प्लास्टर, अंथरुणाला खिळून राहणे, लांबचा प्रवास, गरोदरपण, कॅन्सर किंवा गर्भनिरोधक गोळ्या यांपैकी काही असेल, तर गुठळीची शक्यता वाढते. घरी टेपने मोजता येते. गुडघ्याखाली नडगीच्या सुरुवातीला हाडाचा उंचवटा लागतो. तिथून 10 सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजा. सुजलेली बाजू 3 सेंटिमीटरपेक्षा जास्त भरली, तर ती खूण गंभीर समजावी. मात्र फरक कमी आला म्हणून निर्धास्त होऊ नका. पाऊल वर ओढून पोटरी दुखते का, हे पाहण्याची जुनी चाचणीही भरवशाची नाही.

निकाल लागतो तो डॉप्लर सोनोग्राफीने. तपासणारा यंत्राचा दांडा शिरेवर दाबतो. मोकळी शीर दाबली जाऊन चपटी होते, गुठळी असलेली तशी होत नाही. त्याच वेळी लवणीतली गाठही दिसते, आणि हे महत्त्वाचे आहे. फुटलेल्या गाठीला गुठळी समजून रक्त पातळ करणारी औषधे दिली, तर पोटरीत रक्तस्राव होऊ शकतो. क्वचित दोन्ही एकदमच असतात, कारण मोठी गाठ शीर दाबते. डी-डायमर ही रक्ततपासणी नॉर्मल आली आणि धोका मुळातच कमी असेल, तर गुठळी नाही असे म्हणता येते. वाढलेली आली तर मात्र तेवढ्यावरून काही ठरत नाही. ऑपरेशन, संसर्ग, गरोदरपण यांतही ती वाढते.

पाय सुजलेला असताना अचानक दम लागला, छातीत दुखले, खोकल्यातून रक्त आले किंवा भोवळ आली, तर सोनोग्राफीच्या वेळेची वाट न पाहता थेट इमर्जन्सी विभाग गाठा.

खेळताना पोटरीवर मागून कोणी मारल्यासारखी कळ आली, तर बहुधा स्नायू फाटलेला असतो. दोन्ही पाय सारखेच सुजत असतील आणि बोटाने दाबल्यावर खळगा राहत असेल, तर हृदय, मूत्रपिंड, यकृत तपासावे लागते. रक्तदाबाची अॅम्लोडिपिन गोळीही अशी सूज आणते. ती मनाने बंद करू नका. डॉक्टर डोस कमी करतात किंवा औषध बदलून देतात.