स्ट्रोमॅटोलाइट

उथळ पाण्यात पसरलेल्या सूक्ष्मजीवांच्या थरांमुळे तयार झालेली, एकावर एक पापुद्रे चढत गेलेली दगडी रचना. नुसत्या डोळ्यांना दिसणारा सजीवांचा सर्वांत जुना पुरावा म्हणून हिचे महत्त्व आहे. स्ट्रोमॅटोलाइट हे कोणा प्राण्याचे किंवा वनस्पतीचे अश्मीभूत शरीर नव्हे, तर असंख्य जीवांच्या वस्तीने उभारलेले बांधकाम आहे. बांधणारे बहुधा मागमूस न ठेवता नाहीसे होतात. त्यामुळे ‘हे सजीवांनीच केले कशावरून?’ हा प्रश्न या दगडांना शंभराहून अधिक वर्षे चिकटून आहे.

बांधकामात मोठा वाटा सायनोबॅक्टेरियांचा असतो. जुन्या पाठ्यपुस्तकांत यांना नीलहरित शैवाल म्हणत, पण ते शैवाल नसून जीवाणू आहेत. त्यांच्या पेशींभोवती बुळबुळीत, चिकट द्रव्य असते आणि पाण्याबरोबर येणारे गाळाचे कण त्यात अडकतात. प्रकाशसंश्लेषणासाठी हे जीव पाण्यातला कार्बन डायऑक्साइड वापरतात, त्यामुळे आसपासच्या पाण्याची आम्लता घटते आणि कॅल्शियम कार्बोनेट साचू लागते. गाळाखाली दबलेल्या पेशी उजेडाकडे सरकत पुन्हा वर येतात व नवा थर धरतात. असे थर साचत जाऊन घुमट, खांब किंवा शंकू उभे राहतात.

हे दगड किती मागे नेतात ते समजण्यासाठी आधी पृथ्वीचे वय पाहू : ते सुमारे ४५४ कोटी वर्षे आहे. अमेरिकन भूरसायनशास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी १९५६ मध्ये उल्केतील शिशाच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानाच्या अणूंवरून) काढलेला ४५५ कोटींचा आकडा आजही जवळजवळ तसाच टिकून आहे. सूर्याभोवतीच्या धुळीतून व खडकांच्या टकरींतून पृथ्वी घडली आणि त्यानंतर मंगळाएवढा एक गोल तिच्यावर आदळून चंद्र निर्माण झाला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्या काळाचा मूळ खडक पृथ्वीवर शिल्लक नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियातील जॅक हिल्स येथे सापडलेले झिरकॉन या टिकाऊ खनिजाचे सूक्ष्म स्फटिक मात्र ४४० कोटी वर्षांपर्यंत मागे नेतात आणि त्यांतील ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून भूपृष्ठावर तेव्हाही पाणी असावे असे दिसते. पण पाणी होते म्हणजे सजीव होतेच असे नाही.

स्ट्रोमॅटोलाइटना हे नाव जर्मन भूवैज्ञानिक एर्न्स्ट काल्कोव्स्की यांनी १९०८ मध्ये दिले आणि ते साध्या सजीवांनी घडवले असावेत असे सांगितले. त्याआधी १८८३ मध्ये अमेरिकन जीवाश्मशास्त्रज्ञ जेम्स हॉल यांनी न्यूयॉर्क राज्यातील अशाच खडकांना ‘क्रिप्टोझून’ म्हटले होते. तेथील लेस्टर पार्कमध्ये हिमनदीने वरून तासलेला खडक आडवा कापलेल्या कोबीच्या गड्ड्यांसारखा दिसतो. तरीही केंब्रिजचे वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट सीवर्ड यांनी १९३१ मध्ये स्पष्ट शंका घेतली : पेशी दिसत नाहीत, तर सजीव म्हणायचे कशाच्या आधारावर? आक्षेप रास्तच होता. त्याला पहिले ठोस उत्तर मिळाले १९५४ मध्ये. स्टॅन्ली टायलर व एल्सो बार्गहूर्न यांनी सुपीरियर सरोवराकाठच्या गनफ्लिंट खडकात, सुमारे १८८ कोटी वर्षांपूर्वीच्या चर्टमध्ये (गारगोटीसारख्या कठीण खडकात), सूक्ष्मजीवांचे जीवाश्म दाखवले.

दुसरे उत्तर चक्क जिवंत सापडले. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या शार्क बे येथील हॅमेलिन पूलमध्ये १९५० च्या दशकात वाढते स्ट्रोमॅटोलाइट आढळले आणि १९६१ मध्ये ब्रायन लोगन यांनी त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. उपसागराच्या तोंडाशी समुद्रगवताने धरलेला वाळूचा बांध आहे. आत पाऊस कमी व बाष्पीभवन जास्त, म्हणून पाणी समुद्राच्या जवळपास दुप्पट खारट होते. थर कुरतडणाऱ्या गोगलगायी त्यात फारशा तग धरत नाहीत. ओहोटीला गुडघ्याएवढे काळपट खांब उघडे पडतात. वरचा भाग ओला व किंचित स्पंजासारखा, आत मात्र कडक दगड. वाढ वर्षाला जेमतेम अर्धा मिलिमीटर, बहुधा त्याहूनही कमी. लोकरीचे गठ्ठे किनाऱ्यावर नेणाऱ्या जुन्या गाड्यांच्या चाकोऱ्या तेथील सूक्ष्मजीवांच्या थरावर अजून दिसतात. एवढ्या वर्षांतही त्या भरून आलेल्या नाहीत. १९९१ पासून शार्क बे जागतिक वारसास्थळ आहे.

सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी मान्यता मिळालेले नमुने पश्चिम ऑस्ट्रेलियातल्याच पिलबारा भागात आहेत : ड्रेसर नावाच्या खडकथरांतील सुमारे ३४८ कोटी आणि स्ट्रेली पूल येथील सुमारे ३४३ कोटी वर्षांचे. स्ट्रेली पूल येथे अ‍ॅबिगेल ऑलवूड व सहकाऱ्यांनी २००६ मध्ये सात वेगवेगळे आकार ओळखले. पाण्याची खोली व परिस्थिती बदलते तसे आकारही बदलतात, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. २०१६ मध्ये ग्रीनलंडमधील इसुआ येथे, बर्फ वितळून उघड्या पडलेल्या ३७० कोटी वर्षांच्या खडकात, काही सेंटिमीटर उंचीचे शंकू मिळाल्याचे जाहीर झाले. दोन वर्षांनी ऑलवूड यांच्याच गटाने तो खडक दुसऱ्या बाजूनेही पाहिला. समोरून शंकू वाटणारा आकार बाजूने लांबट वरंबा निघाला, काहींची टोके तर खाली वळलेली होती. दाब व उष्णतेने खडक चुरगळूनही असे आकार होतात, असे त्यांनी दाखवले. मूळ गटाने हे मान्य केलेले नाही. तरी सीवर्ड यांची शंका लक्षात घेता, तूर्त पिलबाराशी थांबणेच सयुक्तिक.

सायनोबॅक्टेरियांनी ऑक्सिजन सोडायला नेमकी केव्हा सुरुवात केली याबद्दल एकमत नाही, आणि पिलबारातील थर ऑक्सिजन सोडणाऱ्या जीवांचेच होते असेही धरून चालता येत नाही. ऑक्सिजन समुद्रात विरघळलेल्या लोहाशी व ज्वालामुखींतून येणाऱ्या वायूंशी संयोग पावून खर्ची पडत होता. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी तो हवेत साठू लागला. लोहाच्या साक्याचे पट्टेदार खडक झाले, गोव्याच्या खाणींतील खनिज अशाच पट्टेदार लोहखडकांपासून बनलेले आहे. मात्र काही सूक्ष्मजीव ऑक्सिजनशिवायही लोहाचे ऑक्सिडीकरण करतात, तेव्हा सगळे श्रेय ऑक्सिजनला देता येत नाही.

शंभर कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास स्ट्रोमॅटोलाइट रोडावू लागले. पुढे थर चरणारे व गाळात बिळे करणारे प्राणी आले आणि स्ट्रोमॅटोलाइट अडचणीच्या जागांपुरते उरले. ऱ्हासाला फक्त हे प्राणीच जबाबदार होते का, यावर वाद आहे.

महाराष्ट्राचा बहुतांश भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या बेसॉल्टखाली दडलेला असल्याने राज्यात हे पाहण्याची संधी फारशी नाही. दक्षिणेला कलादगी खोऱ्यात, बागलकोटच्या परिसरात, ते आढळतात. राजस्थानात चित्तोडगडजवळचे भोजुंडा व उदयपूरजवळचे झामरकोटडा ही राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारके आहेत. झामरकोटड्याला खांबांच्या थरांत फॉस्फेट साचले आहे आणि खांबांमधल्या जागेत डोलोमाइट (चुनखडीसारखा कार्बोनेट खडक). त्यामुळे स्मारकाबाहेरच्या खाणीतून हाच दगड काढून खतासाठी वापरला जातो.