पार्श्वभूमी : खिळ्यांची वेलबुट्टी

लेटरप्रेसवर छापलेली एखादी जुनी लग्नपत्रिका घरात असेल, तर तिची चौकट जवळून पाहा. वेलबुट्टीत जागोजागी केसाएवढी फट दिसेल. ती नक्षी एकसंध नसते. छपाईच्या अक्षरांसारखेच धातूचे सुटे तुकडे, म्हणजे खिळे, शेजारी शेजारी लावून जुळाऱ्याने (खिळे जुळवणाऱ्या कारागिराने) ती उभी केलेली असते. ही रीत सोळाव्या शतकातल्या युरोपात बहरली.

त्याआधी चौकटी मुख्यतः लाकडात कोरत. ऑग्सबर्गहून व्हेनिसला आलेल्या मुद्रक एर्हार्ट राटडोल्टने १४७६ साली खगोलज्ञ रेगिओमोंटानसचे पंचांग छापले, त्याच्या पहिल्या पानाभोवती अशी देखणी कोरीव चौकट आहे. पण ठोकळ्याचे माप ठरलेले. पान लहानमोठे झाले की कोरक्याला पुन्हा बोलवा.

नक्षी मात्र पूर्वेकडून आली. इस्लामी जगातली धातूची भांडी, कापड आणि चामडी बांधणी यांवरची गुंतत जाणारी वेल व्हेनिसच्या कारागिरांनी उचलली. १५३० साली फ्रान्चेस्को पेल्लेग्रिनोने पॅरिसमध्ये तिचे भरतकामासाठीचे नमुने छापले.

या वेलीचे तुकडे पाडून त्यांचे खिळे करण्यात रोबेर ग्राँजाँचा हात कुणी धरला नाही. लियों, अँटवर्प, रोम असा फिरलेला हा फ्रेंच ठसेकार, म्हणजे खिळ्यांच्या साच्यांसाठी ठसे कोरणारा कारागीर. त्याच्या नक्षीचा खिळा अक्षराच्याच उंचीचा, त्यामुळे मजकूर आणि चौकट एकाच फर्म्यात आवळून एकाच दाबात छापता येई. खिळा फिरवला की वेल दिशा बदलते, पण आरशातली प्रतिमा होत नाही. म्हणून उजव्या वळणाला डाव्या वळणाचा जोडीदार खिळा लागतो. अशा मोजक्या आकारांतून पट्टी, चौकट, अख्खे पान भरता येते. मला यातली भूमिती अक्षरांइतकीच थोर वाटते. पुढे रोममध्ये याच ग्राँजाँने अरबी लिपीचे ठसेही कोरले.

अठराव्या शतकात पॅरिसच्या फुर्निए या खिळे ओतणाऱ्याने खिळ्यांच्या मापांना पॉइंट या ठरावीक लहान एककाची शिस्त लावली (१७३७) आणि त्याच मापांत फुले, म्हणजे नक्षीचे खिळे, ओतली. आता वेगवेगळ्या आकारांची फुले एकमेकांत नेमकी बसू लागली. कोरक्याचा खर्च न परवडणाऱ्या छापखान्यालाही तिकिटे, निमंत्रणे, दुकानांची पत्रके नटवता येऊ लागली. इटलीतल्या पार्मात मुद्रक बोदोनीने १७७१ च्या नमुनापुस्तकात फुर्निएचीच फुले गिरवली. नंतर मात्र तो कोऱ्या, मोकळ्या पानाकडे वळला. नक्षी मागे पडली. १९२३ मध्ये लंडनच्या ‘द फ्लूरॉन’ या मुद्रणकलेवरच्या नियतकालिकाच्या पहिल्याच अंकात फ्रान्सिस मेनेल आणि स्टॅनली मॉरिसन यांनी या फुलांवर लेख लिहिला, आणि त्याच दशकात मोनोटाइप कंपनीने ग्राँजाँची वेल आपल्या खिळे ओतणाऱ्या यंत्रासाठी नव्याने घडवली.