ग्लायडर शर्यत : गुणांकन व प्रस्थानाची वेळ

इंजिनाच्या बळाविना, तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेच्या आधाराने ठरलेला मार्ग कमीत कमी वेळात पार करण्याची स्पर्धा म्हणजे ग्लायडर शर्यत. सातारा जिल्ह्यात ग्लायडरपेक्षा पाचगणीच्या कड्यांवरून उडणारे पॅराग्लायडर अधिक परिचित आहे. शर्यतीचा हिशेब मात्र दोहोंचा बव्हंशी सारखाच असतो.

चांगल्या हवेच्या दिवशी विजेत्याला १००० पर्यंत गुण मिळतात. गुणांचे अंतर आणि वेग असे दोन भाग असून, वाटेतच एखाद्या शेतात उतरावे लागलेल्या वैमानिकाला केवळ अंतराचे गुण मिळतात. दीर्घकाळ वापरात असलेल्या सूत्रानुसार वेगाचे गुण सर्वोत्तम वेगाच्या दोन-तृतीयांशाच्या वर सुरू होतात. म्हणजे सर्वोत्तम वेग ताशी १२० किमी. असेल, तर १०० किमी. वेगाला त्यातले निम्मे गुण आणि ८० किमी. वेगाला शून्य.

खरी मेख घड्याळात आहे. प्रस्थानरेषा खुली झाल्यावर ती केव्हा ओलांडायची हे वैमानिक स्वतः ठरवतो आणि त्याची वेळ तेव्हापासूनच मोजली जाते. आधी निघालेल्याला चढता झोत स्वतः शोधावा लागतो. मागून येणाऱ्याला पुढे गिरक्या घेणारी ग्लायडर दिसतात आणि तो थेट तिकडे वळतो. पाचगणीच्या कड्यावर उभा राहून कृष्णेच्या खोऱ्यावर घिरट्या घालणाऱ्या घारी न्याहाळणारा पॅराग्लायडरचालक हेच करत असतो. त्यामुळे कोणीच आधी निघू इच्छित नाही. सगळे रेषेच्या अलीकडे उंची राखून ताटकळतात, आणि फार ताटकळणाऱ्याचे ऊन कलल्यावर झोत मंदावल्याने शेवटच्या टप्प्यात हाल होतात.

ग्रां प्री प्रकारात सर्वजण एकाच क्षणी निघतात व आधी पोचणारा जिंकतो. सातारा-सांगलीकडच्या बैलगाडा शर्यतीत अनेक गाड्या एकदम सुटतात, तर जुन्नर-आंबेगावकडच्या घाटांत एकेक बारी घड्याळावर धावते, हा फरक ठाऊक असणाऱ्या वाचकाला यातले मर्म वेगळे सांगायला नको. पॅराग्लायडिंगच्या ‘गॅप’ सूत्रात पुढे राहून वाट दाखवणाऱ्यासाठी स्वतंत्र गुण ठेवता येतात. जोखीम पत्करणाऱ्याची कदर करणारा हा उपाय अधिक न्याय्य म्हणावा लागेल.

‘क्षेत्र’ प्रकारात वळणबिंदूऐवजी विस्तीर्ण वर्तुळे आणि किमान वेळ दिलेली असते. किमान वेळ ३ तास असताना २ तास ५० मिनिटांत ३०० किमी. उडून आलेल्याचा वेग पूर्ण ३ तास धरून ताशी १०० किमी. ठरतो; उरलेली १० मिनिटे वर्तुळात आणखी आत शिरून ३१५ किमी. करणाऱ्याचा वेग १०५ भरतो. म्हणून या प्रकारात वैमानिक अखेरच्या वर्तुळात कुठे वळायचे हे ठरवताना घड्याळ पाहतो आणि किमान वेळेनंतर दोन-चार मिनिटांनी पोचण्याचा बेत आखतो.