संगीतात पदवी घ्यायची: गायक व्हायला की शिक्षक? प्रवेश, पात्रता आणि कागदपत्रं

बारावीचा निकाल लागला की ठाण्यातल्या आमच्या क्लासमध्ये हा प्रश्न ठरलेला. "सर, हिला संगीतातच पुढे जायचंय. परफॉर्मन्सला टाकू की म्युझिक एज्युकेशनला?" प्रश्न बहुधा इंटरनेटवरून आलेला असतो. अमेरिकेत या दोन पदव्या खरोखरच वेगळ्या आहेत. तिथे शिक्षणवाल्या विद्यार्थ्याला शाळेत जाऊन प्रत्यक्ष शिकवावं लागतं आणि शेवटी राज्याचा शिक्षक-परवाना काढता येतो. आपल्याकडे सहसा प्रवेशअर्जावर असे दोन रकानेच नसतात. पदवी संगीताची, बस. पुढे मंचावर जायचं की वर्गात, हे तिच्या आगेमागे जोडलेल्या कागदांवर ठरतं. म्हणून आज निर्णय झाला नसेल तरी चालेल, पण अर्ज असा भरा की दोन्ही वाटा मोकळ्या राहतील.

कुठे शिकता येईल

मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग चर्चगेटला आहे. एसएनडीटीचा संगीत विभागही चर्चगेटलाच, पण ते महिला विद्यापीठ, त्यामुळे मुलांनी तिकडे बघू नये. ठाण्याहून किंवा वाशीहून रोज सीएसएमटी आणि पुढे चर्चगेट, तेही तानपुरा नाही तरी वह्या-डबा घेऊन, हा हिशेब आधी करा. पुण्यात राहायची तयारी असेल तर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र आहे.

वाशीत गांधर्व महाविद्यालय मंडळाचं विद्यालय आहे आणि मंडळाची परीक्षा केंद्रं गावोगाव आहेत. प्रारंभिक ते विशारद पूर्ण या सात परीक्षा. पुष्कळ घरांत त्या दहावीच्या वाढीव गुणांसाठी सुरू होतात आणि मध्यमाला थांबतात. ज्यांना यातच पुढे जायचंय त्यांनी थांबू नये. मात्र विशारद म्हणजे विद्यापीठाची पदवी नव्हे. बी.एड.च्या अर्जात पदवी मागतात, तिथे विशारदचं प्रमाणपत्र लावून भागत नाही.

पात्रता आणि आवाजाची चाचणी

पदवीला बारावी उत्तीर्ण लागतं, शाखा कोणतीही असली तरी सहसा अडत नाही. खरी गाळणी प्रात्यक्षिक चाचणीत होते. मुलं दोन महिने एकच यमन राग घोटून जातात आणि समोरून येतं, "झपताल हातावर धरा. आता दुगुनीत म्हणा", म्हणजे दुप्पट वेगात. दहा मात्रा, धी ना, धी धी ना, ती ना, धी धी ना. बोल पाठ असतात, पण टाळी-खाली दाखवत दुगुनीत म्हणताना सहाव्या मात्रेची खाली, म्हणजे टाळी न देता हात मोकळा दाखवायची जागा, हमखास निसटते. माझी एक विद्यार्थिनी मोबाइलवरचा तानपुरा घेऊन गेली आणि नेमकी बॅटरी संपली. आवाज उत्तम होता, पण हार्मोनियमवर स्वतःचा षड्ज, म्हणजे 'सा', शोधताना ती गोंधळली. चूक माझी, मी तिला तसा सराव कधी दिलाच नव्हता. आता प्रत्येकाला सांगतो, स्वतःची पट्टी, म्हणजे आपला 'सा' कुठल्या स्वरावर आहे ते, माहीत हवी आणि तालाची वही रागांच्या वहीइतकीच मळलेली हवी.

शिकवायचं असेल तर

तीन पायऱ्या वेगळ्या धरा. केंद्रीय विद्यालयात प्राथमिक संगीत शिक्षकासाठी बारावीला 50 टक्के आणि संगीताची पदवी मागतात. नवोदय विद्यालयांच्या जाहिरातींत बारावीसोबत संगीत विशारद हा पर्यायही येत आला आहे, त्याला जोडून आणखी अटी असतात. म्हणून जाहिरात शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

बी.एड. हवं असेल तर पदवीला खुल्या गटात 50 टक्के, राखीव गटात 45 टक्के लागतात. राज्याच्या सीईटी कक्षाची परीक्षा द्यायची, मग दोन वर्षांचा अभ्यासक्रम. इथे एक मेख आहे. बी.एड.ला शाळेत शिकवायच्या विषयाची अध्यापन पद्धती घ्यावी लागते आणि संगीताची पद्धती सगळीकडे नसते. पदवीला संगीताच्या जोडीला मराठी, हिंदी किंवा इतिहास घेता आला तर घ्याच. नुसतं संगीत घेतलेली मुलं या टप्प्यावर अडकतात.

महाविद्यालयात शिकवायला एम.ए.ला 55 टक्के आणि नेट किंवा सेट ही प्राध्यापकांसाठीची पात्रता परीक्षा. नेटमध्ये संगीताचा विषय क्रमांक 16 आहे. गाणाऱ्यांसाठी आणखी एक वाट आहे, ती फार थोड्यांना ठाऊक असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, 2018च्या नियमांत संगीतासाठी नेटला पर्याय दिला आहे: पदवी, नामवंत गुरूकडे शिक्षण, आकाशवाणी किंवा दूरदर्शनची 'ए' श्रेणी आणि विषय समजावून सांगण्याची क्षमता. म्हणजे मंचावरची वर्षं शिक्षकाच्या अर्जातही मोजली जातात.

गायचंच असेल तर

पदवी हा आधार, गुरू हा पाया. आकाशवाणीची ध्वनिचाचणी द्या. संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती 18 ते 25 वयोगटाला आहे, दरमहा 5,000 रुपये, दोन वर्षं. त्यासाठी किमान पाच वर्षांची तालीम दाखवावी लागते, म्हणून गुरूंकडून पत्र घेताना त्यात शिक्षण सुरू झाल्याचं वर्ष लिहून घ्या.

कागदपत्रं

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, फोटो, एबीसी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) क्रमांक. बारावी सीबीएसईची असेल तर स्थलांतर प्रमाणपत्र. मध्ये वर्ष गेलं असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र. राखीव गटाला जातीचा दाखला आणि जात वैधता; ओबीसींना शिवाय नॉन-क्रिमिलेअर, त्याची मुदत तपासा.

नवी मुंबईकरांची एक ठरलेली गफलत सांगतो. वाशी, नेरूळ, ऐरोली, बेलापूर ठाणे जिल्ह्यात. खारघर, कामोठे, पनवेल रायगडमध्ये. 'आपले सरकार'वर अधिवास किंवा उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज टाकताना जिल्हा चुकला की अर्ज परत येतो आणि ऐन जूनमध्ये आठवडा वाया जातो. पत्त्याच्या पुराव्यावर जो जिल्हा आहे तोच निवडा.

दुसरी गफलत नावाची. संगीताच्या परीक्षेचा फॉर्म आपण आठ-नऊ वर्षांच्या मुलाचा भरतो, वडिलांचं नाव गाळतो, घरचं लाडाचं नावही घालतो. दहा वर्षांनी विशारदच्या प्रमाणपत्रावर एक नाव आणि बारावीच्या गुणपत्रिकेवर दुसरं. आज संध्याकाळी दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा. फरक दिसला तर दुरुस्तीचा अर्ज प्रवेश सुरू होण्याआधी द्या.