टीएमसी की क्युसेक? कॉफीच्या मळ्यातला कार्बन

पावसाळ्यात पेपर हातात आला की आधी खडकवासला साखळीचे आकडे बघायचे, ही पुण्यातली जुनी खोड. चार धरणांत मिळून किती टीएमसी झालं आणि मुठेत किती क्युसेकनं सोडलं. साखळीची क्षमता साधारण 29 टीएमसी, हे रिक्षावालाही सांगेल. टीएमसी म्हणजे साठा आणि क्युसेक म्हणजे वेग, यात कुणाची गल्लत होत नाही.

परवा कॉफीचं एक पाकीट आणलं. त्यावर छापलं होतं की ही कॉफी सावलीतल्या मळ्यातली, आणि तो मळा हेक्टरी अमुक इतके टन कार्बनची साठवण करतो. मी अडकलो. एवढे टन तिथे आहेत, की दर वर्षी तेवढे भरतात?

थोडा दोष आपल्या शब्दाचाही आहे. ‘साठवणीचे पापड’ म्हणजे डब्यात असलेले. ‘साठवण चालू आहे’ म्हणजे डबा भरणं. एकच शब्द दोन्हीकडे चालतो. म्हणून इथे एकाला साठा म्हणतो, दुसऱ्याला भर. साठा मोजायचा हेक्टरी टनांत, भर हेक्टरी दर वर्षी टनांत. ‘दर वर्षी’ हे दोन शब्द गळले की क्युसेकचं टीएमसी होतं.

कूर्ग-चिकमंगळूरकडचा जुना मळा लांबून जंगलच वाटतो. वर फणस, शिसव, उंबराच्या जातीची दांडगी झाडं, त्याखाली पांगारा, पांगाऱ्याखाली कॉफी, आणि खोडांवर मिरीचे वेल. साठा मोजायला एकच फेरी पुरते. जमिनीपासून 1.3 मीटरवर टेप गुंडाळून खोडाचा घेर घ्यायचा, त्यावरून कोरडं वजन काढायचं आणि त्यातला साधारण 47 टक्के भाग कार्बन धरायचा. हजार किलो कोरड्या लाकडात 470 किलो कार्बन. त्याचा कार्बन डायऑक्साइड करायचा तर 3.67 ने गुणा, म्हणजे 1,720 किलोच्या आसपास. (पाकिटावर यातला कोणता आकडा आहे, हेही बघावं. दुसरा जास्त भरघोस दिसतो.) मातीतला कार्बन वेगळा मोजतात, बहुधा वरच्या 30 सेंटिमीटरपर्यंत.

भर अशी एका फेरीत कळत नाही. काही वर्षांनी त्याच झाडांना पुन्हा टेप लावावी लागते. शिवाय वजाबाकी आहेच: सावली विरळ करायला छाटलेल्या फांद्या कुजतात, म्हातारं झाड पडतं, सरपण जळतं.

खरी गंमत सिल्व्हर ओकपाशी आहे. हे झाड मूळचं ऑस्ट्रेलियाचं. सरळसोट, भराभर वाढणारं, मिरीला सोयीचं आणि लाकूड विकता येणारं, त्यामुळे मळेवाल्यांना आवडतं. समजा, जुनी शिसव पाडून तिथे सिल्व्हर ओकची रोपं लावली. पुढची काही वर्षं त्या तुकड्यातली भर छान दिसेल. साठा मात्र कोसळलेला असतो. शिसवीचं लाकूड जड, त्यामुळे तेवढ्याच आकारमानात तिच्यात कार्बन जास्त. तो परत जमायला किती दशकं जातील ते जमीन, पाऊस आणि पुढची कुऱ्हाड ठरवणार. पाडलेल्या लाकडाचं कपाट झालं तर कार्बन निदान कपाटात राहतो. चुलीत गेलं तर लगेच हवेत.

म्हणजे भर दाखवून मळा विकणाऱ्याला जुनी झाडं अडचणीचीच वाटणार. हिशेब म्हणून हे मला धोक्याचं वाटतं. आणि जुनं झाड काही रिकामं बसलेलं नसतं. वर्षाचा वाढीचा थर पातळ असला तरी तो एवढ्या मोठ्या खोडाभोवती चढतो, त्यामुळे वजनात भर पडतेच. फक्त जुन्या राईत एकीकडे वाढ आणि दुसरीकडे पडझड, म्हणून सगळ्या तुकड्याचा वार्षिक आकडा लहान दिसतो.

आमच्या सोसायटीच्या फाटकापाशी एक सिल्व्हर ओक आहे. गेल्या जूनमध्ये त्याच्या खोडाला टेप लावली तेव्हा 94 सेंटिमीटर भरली, या जूनमध्ये 97. वॉचमननं विचारलं, ‘काय साहेब, तोडायचंय काय?’ म्हटलं, नाही हो, यंदाचे तीन सेंटिमीटर मोजतोय.