पाठ काळीनिळी म्हणजे मारलंच? थांबा जरा

"बॉडीची पाठ काळीनिळी पडलेली, नक्की मारलंय" हे कित्येक वर्षं ऐकतोय, पण बऱ्याचदा तो मार नसतोच. हृदय थांबलं की रक्त आपल्याच वजनाने खाली उतरतं, माणूस उताणा असेल तर पाठीकडे साचतं आणि साधारण अर्ध्या ते दोन तासांत जांभळट डाग दिसायला लागतात. गंमत म्हणजे खांदे, कुल्ले जिथे टेकलेले असतात तिथली कातडी फिकटच राहते, दाबामुळे रक्त शिरतच नाही ना. डाउट असला की डॉक्टर त्या डागावर छेद देऊन बघतात, नुसतं साचलेलं रक्त पाण्याने धुऊन जातं, मुक्या माराचं मात्र मांसात मुरलेलं असतं, धुतलं तरी हटत नाही. अर्थात बॉडी सडायला लागली की हेही ओळखणं अवघड.