प्रथिन-पुंजन आणि वार्धक्य

घडी बिघडलेली किंवा अर्धवट उलगडलेली प्रथिने एकमेकांना चिकटून त्यांचे न विरघळणारे गोळे वा तंतू तयार होतात, त्या क्रियेला प्रथिन-पुंजन म्हणतात. वाढत्या वयाबरोबर अनेक ऊतकांत असे पुंज दिसू लागतात. अल्झायमर, पार्किन्सन व हंटिंग्टन हे मेंदूचे विकार, वयोमानाने होणारा मोतीबिंदू आणि वृद्धांच्या हृदयात ट्रान्सथायरेटिन हे रक्तातले प्रथिन साचून होणारा विकार यांच्याशी या क्रियेचा निकटचा संबंध आहे. पुंज हे म्हातारपणाचे कारण की परिणाम, हा या विषयातला मूळ प्रश्न असून तो अद्याप सुटलेला नाही.

प्रथिन म्हणजे ॲमिनो अम्लांची लांब साखळी. ती ठरावीक आकारात दुमडली गेली तरच कामाची ठरते. हा आकार साखळीतील ॲमिनो अम्लांच्या क्रमातच दडलेला असतो, हे ख्रिश्चन अन्फिन्सन यांनी रायबोन्यूक्लिएझवरील प्रयोगांतून दाखवले (नोबेल पारितोषिक, १९७२). मात्र ते प्रयोग परीक्षानळीतल्या पातळ द्रावणातले होते. पेशीच्या आत प्रथिने दाटीवाटीने भरलेली असतात. दर लिटरला सुमारे ३०० ग्रॅम इतके त्यांचे प्रमाण सांगितले जाते. घडीच्या आत लपायला हवे असलेले पाणी टाळणारे भाग अशा गर्दीत उघडे पडले, की ते शेजारच्या रेणूच्या तशाच भागांना चिकटतात. अंडे उकडताना पारदर्शक बलक पांढरा व घट्ट होतो, तो याच प्रकारामुळे.

ॲमिलॉइड ही संज्ञा : तंतुरूप पुंजांना ॲमिलॉइड म्हणतात. हे नाव चुकीच्या समजुतीतून पडले आणि टिकून राहिले. लॅटिन ‘ॲमिलम’ म्हणजे स्टार्च. वनस्पतिशास्त्रज्ञ माटियास श्लायडेन यांनी १८३८च्या सुमारास वनस्पतींतील स्टार्चसदृश पदार्थासाठी हा शब्द वापरला. वैद्यकात तो रुडॉल्फ फिरखो यांनी १८५४ मध्ये आणला. चेतासंस्थेतील काही सूक्ष्म गोल कणांवर आयोडीन टाकल्यावर फिकट निळी छटा येते व पुढे गंधकाम्लाने ती जांभळी होते, असे त्यांना दिसले. त्यावरून हा पदार्थ स्टार्चसारखा असावा असा त्यांनी निष्कर्ष काढला. पाच वर्षांनी फ्रीड्राइख व केकुले यांनी अशाच बदलाने ग्रासलेल्या प्लीहेचे रासायनिक विश्लेषण केले. त्यात त्यांना स्टार्च सापडले नाही, नायट्रोजनाचे प्रमाण मात्र भरपूर आढळले. पदार्थ प्रथिनमय होता. येथवरचा इतिहास बहुतेक ग्रंथांत येतो. पण फिरखो यांनी मेंदूत पाहिलेले ते गोल कण मुख्यतः ग्लुकोजच्या बहुवारिकांचेच (म्हणजे ग्लुकोजचे अनेक रेणू जोडून बनलेल्या स्टार्चसारख्या साखळ्यांचेच) असतात, हे आज माहीत आहे. म्हणजे त्या कणांपुरते त्यांचे निदान बरेचसे बरोबर होते. घोटाळा झाला तो तेच नाव प्लीहा व यकृतातील वेगळ्या पदार्थाला लागू झाल्यामुळे. ॲमिलॉइडच्या तंतूंसोबत काही कर्बोदकेही सापडतात, पण आयोडीनचा रंग त्यांच्यामुळे येतो की तंतूच्या रचनेमुळेच, याबाबत एकमत नाही.

ओळखीची भरवशाची खूण पुढे रंगकामातून मिळाली. बेनहोल्ड यांनी १९२२ मध्ये काँगो रेड हा कापड रंगवण्याचा रंग ॲमिलॉइडला धरून राहतो असे दाखवले. या रंगात बुडवलेला ऊतकाचा पातळ काप साध्या प्रकाशात विटकरी दिसतो. तोच काप ध्रुवित प्रकाशात धरून सूक्ष्मदर्शकाचे ध्रुवक फिरवले, की काळ्या पार्श्वभूमीवर कच्च्या सफरचंदाचा हिरवा रंग उजळून येतो. दिव्री यांनी १९२७ मध्ये नोंदवलेली ही खूण विकृतिशास्त्रज्ञ आजही वापरतात.

रचना : कोहेन व कॅल्किन्स यांनी १९५९ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हे तंतू प्रथम दाखवले. त्यांतील साखळीचे पट्टे तंतूच्या अक्षाला काटकोनात असतात आणि शिडीच्या पायऱ्यांसारखे सुमारे ४.७ अँगस्ट्रॉम अंतराने एकावर एक रचलेले असतात. ईन्स व ग्लेनर यांनी १९६८ मध्ये क्ष-किरणांनी ही रचना सिद्ध केली. तिची चाहूल मात्र ॲस्टबरी यांना १९३५ मध्येच, शिजवून ताणलेल्या अंड्याच्या पांढऱ्या बलकात लागली होती. या शतकात थिजवलेल्या नमुन्यांच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाने अल्झायमरच्या रुग्णांच्या मेंदूतील टाऊ या चेतापेशींतल्या प्रथिनाच्या तंतूंची अणुपातळीवरील रचना मिळाली (२०१७).

तंतू सुरू व्हायला वेळ लागतो. आधी काही रेणूंचे ‘बीज’ जमावे लागते. ते जमेपर्यंत बाहेरून काहीच घडताना दिसत नाही. बीज पडले की पुढची वाढ झपाट्याने होते. तयार बीज बाहेरून घातले तर हा विलंबकाल जवळजवळ नाहीसा होतो. ‘प्रायॉन’ ही संज्ञा स्टॅन्ली प्रुसिनर यांनी १९८२ मध्ये ज्या संसर्गी प्रथिनासाठी दिली, त्याचा प्रसार याच तत्त्वाने होतो असे मानले जाते. क्रिस्टोफर डॉब्सन व सहकाऱ्यांनी तर कोणत्याही रोगाशी संबंध नसलेली प्रथिनेही योग्य परिस्थितीत तंतू बनवतात असे दाखवले. या शोधाचे महत्त्व फार मोठे आहे. पुंजन हा काही मोजक्या वाईट प्रथिनांचा दोष राहत नाही; तो प्रत्येक प्रथिनाला असलेला कायमचा धोका ठरतो, आणि त्याला रोखण्यासाठी पेशीला अखंड मेहनत करावी लागते.

वयाशी संबंध : ही मेहनत करणारी यंत्रणा तीन अंगांची आहे. चॅपेरोन प्रथिने घडी सांभाळतात. बिघडलेल्या प्रथिनांवर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची खूण केली जाते व प्रोटिएझोम हे पेशीतले यंत्र त्यांचे तुकडे करते. मोठे गोळे स्वभक्षणाने, म्हणजे पेशीने आपलेच घटक पचवण्याच्या क्रियेने, लायसोसोम या पाचक पिशवीत नेऊन पचवले जातात. या साऱ्या समतोलाला प्रोटिओस्टॅसिस म्हणतात, आणि त्याचा ऱ्हास हे वार्धक्याच्या २०१३ मध्ये मांडलेल्या नऊ लक्षणांपैकी एक आहे. २०२३च्या सुधारित यादीत लक्षणे बारा झाली व स्वभक्षणातील बिघाड वेगळा धरला गेला.

ऱ्हास का होतो, याबद्दल दोन मते आहेत. एका मतानुसार ही साधी झीज आहे : नुकसान साचत जाते, यंत्रणा थकते. दुसरे मत सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स या सुमारे एक मिलिमीटर लांबीच्या कृमीवरील प्रयोगांतून आले. हा कृमी जेमतेम तीन आठवडे जगतो. सिंथिया केनियन यांच्या गटाने १९९३ मध्ये डॅफ-२ या एका जनुकात बदल असलेला कृमी दुपटीहून अधिक जगतो असे दाखवले होते. २०१० मध्ये त्याच गटाने म्हाताऱ्या कृमींत कित्येकशे प्रथिने अविद्राव्य होतात, रोगकारक प्रथिन नसतानाही होतात, हे दाखवले. रिचर्ड मोरिमोटो यांच्या गटाला मात्र यंत्रणेची घसरण म्हातारपणी नव्हे, तर प्रौढपणाच्या सुरुवातीलाच, प्रजनन सुरू होण्याच्या सुमारास आढळली. आणि ती हळूहळू न होता काही तासांत होते. झिजेला इतकी घाई नसते. शरीर आपली शक्ती अंडी-शुक्राणूंकडे वळवते व स्वतःच्या पेशींची राखण सैल करते, हा अर्थ प्रस्तुत नोंदकाराला अधिक ग्राह्य वाटतो. तो कृमीपुरता आहे. माणसात असा कळीचा क्षण असल्याचा पुरावा नाही.

माणसातले सर्वांत स्वच्छ उदाहरण डोळ्याच्या भिंगाचे. भिंगाच्या मध्यभागातील तंतुपेशी जन्मापूर्वीच तयार होतात व पुढे आपले केंद्रक गमावतात. नवे प्रथिन बनवायची सोय उरत नाही. जन्मापूर्वीची क्रिस्टलिने, म्हणजे भिंगातली मुख्य प्रथिने, आयुष्यभर पुरवावी लागतात. त्यांतले अल्फा-क्रिस्टलिन स्वतःच चॅपेरोन आहे (हॉरविट्झ, १९९२) व बिघडू लागलेल्या इतर क्रिस्टलिनांना धरून ठेवते. वर्षानुवर्षे धरून धरून त्याचा मोकळा साठा आटतो, प्रकाश विखुरणारे मोठे पुंज बनतात आणि भिंग गढुळते. हाच मोतीबिंदू.

घातक कोण? : अल्झायमर यांनी १९०६ मध्ये वर्णन केलेल्या मेंदूतील गोळे दीर्घकाळ विषच मानले गेले. हार्डी व हिगिन्स यांनी १९९२ मध्ये मांडलेला ॲमिलॉइड-साखळीचा सिद्धांत (ॲमिलॉइड साचण्यापासूनच आजाराच्या घटनांची साखळी सुरू होते, हे मत) त्यावरच उभा आहे. पण २००४ मध्ये हंटिंग्टनच्या सदोष प्रथिनाने भरलेल्या एकेका चेतापेशीवर स्वयंचलित सूक्ष्मदर्शकाने कित्येक दिवस नजर ठेवली गेली, तेव्हा मोठा गोळा बनवलेल्या पेशी अधिक तगल्या. प्रथिन पसरलेलेच राहिले त्या पेशी लवकर मेल्या. गोळा म्हणजे पेशीने कचरा एका कोपऱ्यात लोटणे असावे. खरी इजा लहान, विद्राव्य अल्पवारिके (मोजक्या रेणूंचे पुंजके) करतात, या मताकडे आता बहुतेकांचा कल आहे. कचरा असा बाजूला ठेवण्याचे उदाहरण किण्वात (यीस्टमध्ये) दिसते : त्याची मातृपेशी बिघडलेली प्रथिने स्वतःजवळ ठेवून कळीला, म्हणजे तिच्यातून फुटणाऱ्या नव्या पेशीला, स्वच्छ जन्म देते.

उपचार : लेकानेमॅब हे प्रतिपिंड (अमेरिकेत पूर्ण मान्यता २०२३) मेंदूतील ॲमिलॉइड लक्षणीय प्रमाणात काढते. अठरा महिन्यांच्या चाचणीत त्याने आजाराची घसरण सुमारे २७ टक्क्यांनी मंदावली, थांबवली नाही. काही रुग्णांना मेंदूत सूज व रक्तस्राव झाला. ट्रान्सथायरेटिनच्या विकारात वेगळी वाट सापडली. हे प्रथिन चार घटकांचे असते व सुटा झालेला घटकच बिघडतो. टॅफॅमिडिस हा लहान रेणू चारही घटकांना बांधून ठेवतो, त्यामुळे नव्या तंतूंना माल मिळत नाही. हृदयात आधीच बसलेले तंतू मात्र त्याने निघत नाहीत.